१२,३४,५६,७८९चे अवयव पाडताना या चुका टाळा

चाळीसगावात संध्याकाळी स्कॉलरशिप आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा क्लास घेतो, तेव्हा फळ्यावर ही संख्या हमखास लिहितो: १२,३४,५६,७८९. दिसायला ओळखीची, पण मोठ्या संख्यांमध्ये होणाऱ्या बऱ्याचशा चुका हिच्यावरच होतात.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ने भाग जातो. इथवर सगळे बरोबर येतात. उरतात १,३७,१७,४२१. मग २, ३, ५, ७, ११, १३ असं भागत भागत पोरं शंभरीच्या आसपास दमतात आणि एखादा ठामपणे सांगतो, "सर, हाई मूळ संख्या शे." नाही रे बाळा. मूळ म्हणायचं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ३,७०३पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं. इथे पहिल्या ५०३ मूळ संख्यांकडून हात हलवत परत यावं लागतं आणि ५०४वीने, ३,६०७ने, भाग जातो: ३,६०७ × ३,८०३. वर्गमूळ शंभरभर अंतरावर असताना! दहावीस संख्यांनी भाग गेला नाही, एवढ्यावर मूळ ठरवू नका.

दुसरी चूक स्वल्पविरामाची, आणि ती हुशार मुलंच जास्त करतात. ७ × ११ × १३ = १,००१, म्हणून या तिघांची कसोटी एकत्र घेता येते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करायचं: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. याला ७ने भागून बाकी १, तीच अख्ख्या संख्येची बाकी. पण आपले स्वल्पविराम लाख-कोटीचे. मुलं तेच गट धरतात: ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५, बाकी ६. कसोटी बरोबर, गट चुकीचे. आधी स्वल्पविराम खोडा.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा नावं आहेत. त्यात आपल्या संख्येतला पहिला १ अर्बुदाच्या घरात बसतो, म्हणजे आजचे दहा कोटी. इथून जवळच पाटणला त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. हे सांगितलं की मुलं स्थानं मोजताना घाई करत नाहीत.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवायला विसरू नका. ३² × ३,६०७ × ३,८०३, म्हणून ३ × २ × २ = १२ विभाजक. अंकांच्या बेरजेची कसोटी २७ला लावू नका: १,८९९ची बेरीज २७ येते, तरी २७ने भागल्यावर ९ उरतातच.

शेवटची चूक मोबाइलवरची. ९८,७६,५४,३२१ला १२,३४,५६,७८९ने भागा. ८.०००००००७ असं काहीतरी दिसतं. मुलं शेपूट सोडून ८ लिहितात आणि लहान संख्येलाच मसावि ठरवून मोकळी होतात. हाताने गुणून बघा: आठपट येते ९८,७६,५४,३१२. बाकी ९. त्या ९नेच दोन्ही संख्यांना भाग जातो, म्हणून मसावि ९.