तीस गुंठ्यांचे आगर आणि दिवसाचे तास

२०१७ च्या दिवाळीनंतर मी, पती, सासूबाई आणि आमची पाच वर्षांची मुलगी असे चौघे ठाण्याचे भाड्याचे घर सोडून दापोली तालुक्यातील मूळ गावी राहायला आलो. घराला लागून तीस गुंठ्यांचे आगर होते. त्यात बारा माड, चाळीसेक पोफळी (सुपारीची झाडे), आंब्याची पाच कलमे आणि एक विहीर, तर वरच्या अंगाला भाताची दोन खाचरे होती. भाजी, अंडी, भात आणि कडधान्य घरापुरते आपणच पिकवायचे, एवढाच आमचा विचार होता आणि तो आजही तसाच आहे. याच वाटेने येऊ पाहणारी मंडळी भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘जमीन किती लागते?’ माझ्या अनुभवाने त्याआधी घरातील माणसांचे तास मोजावेत. कोंबडी, शेळी, मांडवावरचा वेल यांतील प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि घरात लग्नकार्य असो वा आजारपण, ती पुढे ढकलता येत नाही.

तासांच्याही आधी कागद पाहावेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन असली तरी कोकणात सातबारावर बहुधा सामाईक नावांची रांग असते. आमच्या सातबारावर चौदा नावे होती. चुलतभावंडांशी बोलून, कोणी काय कसायचे हे लिहून घेतल्यावरच आम्ही पहिला खड्डा खणला, आणि त्यामुळे पुढे कोणाशीही कटुता आली नाही.

कोकणात पाऊस एवढा असताना पाण्याची काळजी कशाला, असे आम्हालाही वाटले होते. परंतु इथल्या जांभ्या दगडात पाणी थांबत नाही आणि एप्रिल सरता सरता विहिरीचा तळ दिसू लागतो. उन्हाळ्यात मोठ्या माडाला दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास आणि पोफळीला पंधरा लिटर पाणी धरले, तरी आमच्या आगराला रोज हजार लिटरहून अधिक पाणी लागते, आणि घरचा वापर व भाजी त्याहून वेगळी. पहिल्या वर्षी आम्ही पाटानेच शिंपणे केले आणि मे महिन्यात भाजीचे वाफे सोडून द्यावे लागले. दुसऱ्या वर्षी ठिबक घातले आणि प्रत्येक आळ्यात नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) व पाचोळा अंथरला, तेव्हा कुठे तेच पाणी पुरू लागले. विहीर, ठिबक आणि गुरे-डुकरे आत येऊ नयेत अशी पक्की वई म्हणजे कुंपण, ही तिन्ही झाल्याशिवाय जनावर आणू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

कोंबड्यांनी आम्हाला सर्वांत मोठा आनंद दिला आणि सर्वांत मोठा फटकाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यामुळे तिच्याकडे केवळ अंड्यांचा हिशेब घेऊन पाहणाऱ्याची निराशा होते. मात्र ती खुडूक होते, अंड्यांवर बसते आणि आपली पिले स्वतः वाढवते, हा तिचा मोठा गुण आहे. पहिल्यांदा कोंबडी बसवली तेव्हा सासूबाईंनी टोपलीत भाताचा पेंढा घालून त्यावर अकरा अंडी मांडली. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे विजेरीसमोर धरून पाहिले. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, दोन कोरी निघाली. एकविसाव्या दिवशी पहाटे टोपलीजवळ कान नेला तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येत होती. मुलगी त्या दिवशी शाळेत गेली नाही आणि आम्हीही तिला पाठवले नाही.

दीड वर्षात कोंबड्या सव्वीस झाल्या. मार्च २०१९ मध्ये दोन कोंबड्या मान वाकडी करून गोल फिरू लागल्या, त्यांची विष्ठा हिरवट पांढरी झाली आणि चोच उघडी ठेवून त्या श्वास घेऊ लागल्या. तो राणीखेत होता, कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग. सहा दिवसांत एकवीस गेल्या. मोठ्या खड्ड्यात चुना टाकून त्यांना पुरताना आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

चूक आमची होती. पिले पाच ते सात दिवसांची असताना डोळ्यात वा नाकात राणीखेतवरच्या लासोटा लशीचा एक थेंब द्यायचा आणि आठ आठवड्यांनंतर त्याच रोगावरच्या आर-टू-बी लशीचे इंजेक्शन द्यायचे, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी एवढे कोण करणार, या विचाराने आम्ही दुसरी मात्रा पुढे ढकलत राहिलो. आता वाडीतील सहा-सात घरे मिळून दिवस ठरवतात आणि थर्मासमधून आणलेली एक कुपी सकाळच्या वेळात घरोघरी फिरते. नवख्यांनी खुराडे बांधण्याआधी अशी सोबतीची घरे शोधावीत, कारण शेजारच्या कोंबड्या लशीविना असल्या तर आपल्याही धोक्यात असतात.

शेळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. कोकण कन्याळ जातीच्या तीन शेळ्या आम्ही आणल्या. पहिल्या पावसाचे कोवळे गवत पोटभर खाल्लेले आमचे सर्वांत तगडे करडू एका रात्रीत आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाने, गेले. त्या रोगाची लस पाऊस सुरू होण्याआधीच टोचून घ्यावी आणि गोठ्यात जमिनीपासून उंच फळ्यांची माच करावी, म्हणजे चार महिने खूर ओले राहत नाहीत. गाय मात्र आम्ही विचारपूर्वक ठेवली नाही. तिला द्यायला लागणारे तास आमच्याकडे नाहीत. दूध शेजारून येते आणि आमची अंडी त्यांच्याकडे जातात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दुपारच्या दोन-तीन तासांत चाळीसपैकी एकतीस पोफळी मधोमध मोडल्या, पाच माड मुळांसकट उपटले आणि कौले उडाली. त्यानंतर २६ दिवस वीज नव्हती, त्यामुळे पंपही नव्हता. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. भाजीचा मांडव आठवड्यात पुन्हा उभा राहतो, परंतु आगर पडले की मधली वर्षे कशी काढायची हा प्रश्न पैशाचा असतो. पतींचे हिशेबलेखनाचे काम घरून सुरू होते म्हणून आम्ही टिकलो. केवळ आगराच्या भरवशावर नोकरी सोडू नका, हे मी कळकळीने सांगते. आमच्या वहीत आजही खाण्याचा खर्च निम्म्याने कमी झालेला दिसतो, पण शाळेची फी, औषधे आणि विजेचे बिल रोकड्यानेच भरावे लागते.

तरीही फेब्रुवारी आला की आमच्या घरी कोणाला शहराची आठवण होत नाही. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर कडवा वाल पेरलेला असतो. त्याला पाणी द्यावे लागत नाही, फक्त वानरांपासून राखावा लागतो. नव्या वालाला मोड आले की आम्ही चौघे पडवीत परात घेऊन बसतो आणि कोमट पाण्यातला एकेक दाणा चिमटीत दाबून सोलतो. त्या बिरड्यात आमचाच नारळ असतो.

पडलेल्या पोफळींच्या जागी जुलै २०२० मध्ये चाळीस रोपे लावली आणि ऊन लागू नये म्हणून मधून केळी लावल्या. त्यांतील सात मेली, तेहतीस आहेत. यंदा सासूबाईंनी विहिरीकडच्या चार पोफळींना पहिली पोय (फुलोरा) आलेली दाखवली, आणि मुलीने त्या चारही झाडांना खुणेची सुतळी बांधून ठेवली आहे.