स्वतंत्र कॉमिक्समध्ये उतरताय? आधी वितरकाची बातमी वाचा

स्वतंत्र कॉमिक्समध्ये नव्याने येणारी मंडळी ज्या बातम्या आवडीने वाचतात, त्या बहुतेक घोषणांच्या असतात. अमकीचं नवं पुस्तक येतंय, तमक्याला पुरस्कार मिळाला, कुणाच्या तरी निधी गोळा करायच्या मोहिमेला धो धो पैसा आला. मीही वाचते. पण छोट्या प्रकाशकांसाठी लेटरिंग (म्हणजे संवादाच्या फुग्यांत अक्षरं बसवणं) आणि छपाईच्या फाइली करता करता या धंद्याचं जे काही कळलं, ते रटाळ बातम्यांतून. ज्या बातमीला चित्र नसतं ती आधी वाचावी, असं माझं मत झालं आहे.

डायमंडचंच घ्या. अमेरिकेतली ही वितरण कंपनी स्टीव्ह गेपी यांनी १९८२ साली सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा नव्या चित्रकारांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘बरं, मग आपलं काय?’ आपलं बरंच काही होतं. इंग्रजी कॉमिक्सची तिकडची दुकानं ज्या पद्धतीवर चालतात, तिला डायरेक्ट मार्केट म्हणतात. फिल सूलिंग यांनी १९७०च्या दशकात ती रुजवली. दुकानदाराला सूट जास्त, पण न खपलेला माल परत नाही. छोट्या प्रकाशकाला ही पद्धत वरदान ठरली, कारण आधी मागणी कळते आणि मग त्या बेताने छापता येतं. खोट एकच निघाली. १९९४च्या अखेरीस मार्व्हल या बड्या प्रकाशकाने स्वतःसाठी एक वितरक विकत घेतला. बाकीचे मोठे प्रकाशक डायमंडकडे गेले, १९९६ मध्ये डायमंडने कॅपिटल सिटी हा मोठा प्रतिस्पर्धी गिळला, पुढे मार्व्हलही डायमंडकडेच परतली आणि सगळा बाजार एकाच खांबावर येऊन टेकला. २०२० मध्ये डीसी ही दुसरी बडी प्रकाशन कंपनी डायमंडमधून बाहेर पडली, २०२१ मध्ये मार्व्हल वितरणासाठी पेंग्विन रँडम हाउस या पुस्तक कंपनीकडे गेली. मोठी गिऱ्हाइकं गेल्यावर मागे कोण उरतं, हे वेगळं सांगायला नको.

आता या बातमीतला खरा मुद्दा. अनेक छोट्या प्रकाशकांची पुस्तकं डायमंडच्या गोदामात कन्साइनमेंटवर होती. म्हणजे माल प्रकाशकाचा, जागा वितरकाची आणि पैसे विक्रीनंतर. दिवाळखोरीनंतर हा मालही विकून कर्ज देणाऱ्या बँकेचं देणं भागवावं, अशी मागणी न्यायालयात झाली आणि प्रकाशकांनी तिला विरोध केला. अमेरिकी कायद्यात असा माल आपला असल्याची जाहीर नोंद वेळेत करावी लागते. ती नसेल तर ‘पुस्तकं माझी आहेत’ एवढं म्हणून भागत नाही, तारण असलेल्या सावकाराचा हक्क पुढे उभा राहतो. आपलं पुस्तक आपण छापलं, पैसे आपण भरले, तरी ते कुणाच्या गोदामात आणि कोणत्या कागदावर आहे, यावर मालकी टांगलेली असू शकते.

तेव्हापासून वितरणाची कुठलीही बातमी मी एकाच खोडीने वाचते: माल कुणाचा आणि पैसे कधी? करारात ‘विक्रीनंतर नव्वद दिवसांनी’ असं असलं, तर तेवढे दिवस तुम्ही वितरकाला बिनव्याजी उधार देत असता. मोठ्या प्रकाशकाला ते पेलतं. दोन माणसांच्या प्रकाशनाला पुढच्या अंकाचा कागद घ्यायचा असतो.

हिशेबही एकदा डोळ्यांखालून घाला. छापील किंमत शंभर धरली, तर वितरकामार्फत गेलेल्या प्रतीवर प्रकाशकाच्या हाती साधारण चाळीस येतात. त्यातून छपाई, वाहतूक, चित्रकार, रंग, लेटरिंग. कॉमिक्सच्या जत्रेत टेबल मांडून तीच प्रत विकली तर शंभर हाती येतात, पण टेबलाचं भाडं, प्रवास आणि दिवसभर उभं राहणं पदरात पडतं. तरी सुरुवातीला टेबलच बरं. वाचक कुठल्या पानावर थांबतो आणि कुठल्या पानाला पुस्तक खाली ठेवतो, हे समोर दिसतं. हे कुठल्याच अहवालात मिळत नाही.

मोहिमांच्या बातम्या मात्र मी सावधपणे घेते. किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ निधी गोळा करायच्या संकेतस्थळावर उद्दिष्ट गाठलं तरच पैसे मिळतात, नाहीतर काहीच नाही. मिळालेल्या रकमेतून त्यांचे पाच टक्के जातात, व्यवहाराचं शुल्क वेगळं. पैसे देणाऱ्यांपैकी काहींची कार्डं ऐनवेळी चालत नाहीत. आणि टपालखर्च! परदेशी पाठवायच्या एका जाड पुस्तकाचा टपालखर्च छपाईच्या वर गेलेला मी पाहिला आहे. ‘उद्दिष्टाच्या तिप्पट निधी’ या मथळ्यात नफ्याचा आकडा कुठेच नसतो.

‘हक्क निर्मात्याकडेच’ ही अशीच दुसरी गोड घोषणा. १९९२ मध्ये सात चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढली ती याच तत्त्वावर आणि तिने बाजार बदलला, यात वाद नाही. पण तिथे सहसा पानामागे मानधन मिळत नाही, प्रकाशकाचं ठरलेलं शुल्क आणि खर्च आधी वळते होतात, उरलं तर तुमचं. ज्याच्याकडे काही महिने तग धरायची सोय आहे, त्याला हा व्यवहार उत्तम. नसेल त्याने पानांचे पैसे देणारं काम जोडीला ठेवावं, त्यात कमीपणा नाही.

करारात एक कलम मी आधी शोधते. पुस्तक बाजारातून गेलं की हक्क परत, असं लिहिलेलं असतं. पण ई-पुस्तक विकायला असेल तर पुस्तक बाजारातून कधी जातच नाही. म्हणून वर्षाला अमुक प्रतींखाली विक्री गेली की हक्क परत, असा आकडा मागून घ्या. चांगला प्रकाशक बिचकत नाही.

थोडं माझ्या टेबलावरचं. फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या मिश्रणातला काळा वापरलात आणि छपाईची प्लेट केसभर जरी हलली, तरी प्रत्येक अक्षराला लालसर-निळसर सावली येते आणि बारीक अक्षर वाचता वाचता डोळे दुखतात. रात्रीच्या आकाशासारखी मोठी काळी जागा असेल, तिथे मात्र उलट, नुसती काळी शाई करडी दिसते, खाली थोडा निळा द्या. मध्ये पिना मारायच्या अंकाची पानं चारच्या पटीत बसवा. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडा. छापखान्याने ‘प्रूफ कशाला, चालून जाईल’ म्हटलं, तरी प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागा.

संकलनांसाठी ‘चित्रकथा पाठवा’ अशी आवाहनं सतत येतात, नव्यांना दार तिथूनच उघडतं. पाठवण्याआधी पानामागे किती, छापण्याचा हक्क किती काळासाठी आणि मूळ चित्रं कुणाकडे राहणार, हे ईमेलवर विचारा. उत्तर ‘प्रसिद्धी मिळेल’ एवढंच आलं, तर ती चार पानं स्वतः झेरॉक्स काढून, पिना मारून जत्रेतल्या टेबलावर ठेवा.