पाळकसाहेब थकायच्या आधी मंडळीचा कारभार पुढच्या पिढीकडे कसा द्यायचा

वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरीकडच्या छोट्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, पाळक (पास्टर) सत्तरीत, पोरं मुंबईला नोकरीला, आणि पुढे कोण हा विषय कुणी काढतच नाही. तो पहिला काढा, पाळक धडधाकट असतानाच. अमेरिकेतले नावाजलेले ख्रिस्ती प्रचारक बिली ग्रॅहमनी २००० मधे संस्थेची सूत्रं मुलाकडे, फ्रँकलिनकडे दिली आणि स्वतः २०१८ पर्यंत हयात होते, म्हणजे विचारायला माणूस होता. उलट अमेरिकेतच टीव्हीवरचे पाळक रॉबर्ट शुलरनी २००६ मधे मुलाला पुढे केलं, २००८ मधे बाजूला काढलं, २०१० ला संस्था दिवाळखोरीत. त्यामुळे एकदा दिलं की परत ओढायचं नाही, हे लिहून घ्या.

पाळकांचा मुलगाच हवा असं काही नाही, देवाचं बोलावणं आणि चारित्र्य बघा. शिकवणीत तडजोड नको हे मलाही मनापासून वाटतं, पण पेटी वाजवायची की गिटार ही शिकवण नव्हे, त्यावरून पोरं घालवू नका.

महिन्यातला एक संदेश (प्रवचन) तरुणाला द्या, आजाऱ्यांच्या भेटीला सोबत न्या, तिथेच माणूस कळतो.

खरी गाडी अडते ती पैशात. प्रवचन देतात पण चेकबुक देत नाहीत! बँकेत दोन सह्या ठेवा, एक जुनी एक नवी, दानपेटी दोघांनी मिळून मोजायची आणि वहीत तिथेच लिहायचं. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाका. कारभार सोपवायची मीटिंग मे महिन्यात घ्या, चाकरमानी तेव्हा गावात असतात.