मोठ्या शहरात परवडणारं टेनिस कोर्ट कसं शोधावं

टेनिस म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, हे इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की कोर्टाची चौकशी करायलाही जीव धजत नाही. रॅकेट एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते. खिशाला खरी कात्री लागते ती कोर्टाच्या भाड्याने, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त बचतही तिथेच करता येते. पुष्कळ ठिकाणी एकाच कोर्टाचा भाव भर दुपारी एक असतो आणि संध्याकाळी सातला दुसराच. त्यामुळे कोर्ट आणि तास, दोन्ही एकदमच शोधायला घ्या.

१. आधी वरून बघा

मोबाइलवर 'जवळचं टेनिस कोर्ट' असं शोधलं की वर येतात ते क्लब आणि कोचिंगवाले. त्यांना गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून ते दिसतात. बागेच्या मागच्या कोपऱ्यात असलेल्या कोर्टाची जाहिरात कोण करणार? नकाशावर नाव असतं फक्त बागेचं.

म्हणून नकाशाचं उपग्रह दृश्य उघडा आणि घरापासून अर्ध्या तासाच्या टापूतल्या बागा, शाळा-कॉलेजं, क्रीडासंकुलं एकेक करून बघा. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आणि डबल्सची (दोघं विरुद्ध दोघं) रुंदी १०.९७ मीटर असते. भोवतालची मोकळी जागा धरली तर साधारण ३६ बाय १८ मीटरचा आयत होतो, लांबी रुंदीच्या दुप्पट. रंग बहुतेक निळा, हिरवा किंवा विटकरी. बास्केटबॉलचं कोर्टही वरून असंच दिसतं आणि फसायला होतं. पण त्याच्या दोन्ही टोकांना मोठ्या कमानी आखलेल्या असतात. टेनिसच्या कोर्टावर सगळ्या रेषा सरळ, मध्ये नेटची बारीक सावली.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर स्वयंसेवक मैदानांची नोंद खेळानुसार करतात. त्याच्या जोडीचं, त्या नोंदींत शोध घेणारं ओव्हरपास टर्बो हे वेब-साधन वापरलं तर अख्ख्या शहरातली नोंदलेली टेनिस कोर्टं एका झटक्यात नकाशावर उमटतात. थोडं किचकट आहे, पण एक संध्याकाळ घालवण्यासारखं नक्कीच.

दिशाही आत्ताच टिपून ठेवा. चांगलं कोर्ट सहसा उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. पूर्व-पश्चिम कोर्टावर मावळतीच्या वेळी एका बाजूच्या खेळाडूला सर्व्हिससाठी वर उडवलेला बॉल दिसतच नाही. असं कोर्ट लगेच बाद करू नका. सूर्य डोक्यावर आला की ते इतर कोर्टांइतकंच चांगलं असतं, आणि गर्दी नसते.

२. मालक कोण ते काढा

आता हाताशी आठ-दहा जागा असतील. त्यातली कुठली कुणाची, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बागेतलं कोर्ट बहुधा महापालिकेच्या उद्यान किंवा क्रीडा विभागाकडे असतं, पण चालवायला ठेकेदाराला दिलेलं असू शकतं. शाळा-कॉलेजांची कोर्टं वर्ग सुटल्यावर आणि सुट्ट्यांत रिकामी असतात. काही संस्था ती बाहेरच्यांना भाड्याने देतात, मात्र त्याची पाटी कुठेच नसते. विचारावं लागतं.

मोठं नाव दिसलं म्हणून दबकू नका. यूएस ओपन जिथे होते ते न्यूयॉर्कचं बिली जीन किंग नॅशनल टेनिस सेंटर एका सार्वजनिक उद्यानात आहे, आणि स्पर्धेचा काळ सोडला तर सामान्य माणसालाही तिथे भाडं भरून खेळता येतं.

फोन केलात तर 'भाडं किती?' एवढंच विचारून ठेवून देऊ नका. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, कोचिंगला कोणते तास दिलेत? कागदावर कोर्ट सार्वजनिक असतं, पण चारपैकी तीन कोर्टं संध्याकाळी चार ते आठ एखाद्या प्रशिक्षकाकडे लागलेली असतात. दिव्यांचे पैसे वेगळे का, हेही लगे हात विचारा. ते भाड्यात धरले असतील असं आपण गृहीत धरतो आणि पावती बघून गार पडतो.

३. ज्या वेळी खेळायचंय त्याच वेळी जाऊन या

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. मीही टाळली होती. फोटो बघून ऑनलाइन पैसे भरले, पार्टनरला शहराच्या दुसऱ्या टोकाहून बोलावलं, आणि पोचलो तर नेटची तार तुटलेली, नेट जमिनीवर लोळतंय. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी चार फेऱ्या झाल्या.

जाताना दोन रॅकेट आणि एक नवा बॉल न्या. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट उंच हवं. टेप लागत नाही: एक रॅकेट नेटला टेकवून उभी धरा, तिच्या टोकावर दुसरीचा डोक्याकडचा भाग आडवा ठेवा. मोठ्यांची रॅकेट साधारण २७ इंचांची आणि आडवं डोकं नऊ-दहा इंचांचं, त्यामुळे बेरीज जवळपास बरोबर येते. मग बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडत बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेपासून, नेटपर्यंत चाला. कुठे 'ठक्' ऐवजी 'थप्प' असा पोकळ आवाज आला आणि बॉल मेल्यासारखा उठला, तर तिथला थर खालून सुटलाय. मधल्या रेषेच्या आसपास हे एखाद्या ठिकाणी चालून जातं. बेसलाइनजवळ नाही, कारण लांबवर मारलेले फटके तिथेच पडतात.

भेगांचं फार मनावर घेऊ नका. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या बहिणी लहानपणी अमेरिकेतल्या कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर शिकल्या, आणि ती कोर्टं काही गुळगुळीत नव्हती. जपायचं ते पायांना: बोट जाईल एवढी भेग, उचकटलेली कड, वाळू साचून निसरडा झालेला पट्टा. हे बेसलाइनच्या मागे दिसलं तर कोर्ट फुकट असलं तरी नको. पाऊस थांबल्यावर तासाभराने चक्कर मारता आली तर उत्तम. पाणी निथळून जावं म्हणून हार्ड कोर्टाला, म्हणजे सिमेंट-डांबराच्या कोर्टाला, अगदी हलका उतार देतात. तरीही डबकी साचून असतील तर उतार बिघडलाय, आणि ओल्या दिवसांत तिथले तुमचे तास वाया जाणार.

आणि तिथल्या माणसाशी बोला. वॉचमन असेल, झाडलोट करणारे काका असतील. 'मंगळवारी गर्दी असते का हो?' एवढ्या प्रश्नावर जी माहिती मिळते ती कुठल्याच वेबसाइटवर नसते: कुठला ग्रुप अलीकडे यायचा बंद झालाय, कुठला दिवा लागत नाही, कुलूप खरं किती वाजता उघडतं.

४. हिशोब माणशी करा

ताशी भाडं फसवं असतं. डबल्स खेळलात तर तेच भाडं चौघांत वाटलं जातं, सिंगल्सच्या निम्म्यात काम होतं. वार्षिक सभासदत्वाची वर्गणी ताशी भाड्याच्या चाळीस पट असेल, तर चाळीस तास खेळल्यावर कुठे बरोबरी होते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याचे पाऊस, आजारपण, प्रवास वजा जाता तेवढेच तास जेमतेम होतात. पहिले तीन महिने सुटे पैसे भरून खेळा, कितीदा गेलात ते कॅलेंडरवर खुणा करून मोजा, मग ठरवा. येण्याजाण्याचा खर्चही यात धरायचा. दूरचं स्वस्त कोर्ट बरेचदा जवळच्या महागापेक्षा महाग पडतं.

५. तास पकडा

ऑनलाइन बुकिंग बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवस आधी, ठरावीक वेळेला उघडतं, आणि चांगले तास बघता बघता जातात. ते हुकले तरी हरकत नाही. पैसे न कापता बुकिंग रद्द करायची मुदत पाहून ठेवा. समजा ती २४ तासांची असेल, तर लोक त्या मुदतीच्या तोंडावरच रद्द करतात. उद्या संध्याकाळी सातचा तास हवा असेल तर आज सहा-सातच्या सुमारास ॲप उघडून बसा. अचानक एखादी चौकट हिरवी होते.

जिथे बुकिंग नसतं, तिथे आधी येईल त्याला कोर्ट. अशा जागी थांबताना कुंपणाबाहेर थांबा, आणि आत जायचंच असेल तर पॉइंट संपू द्या. 'अजून किती वेळ?' हे हसून विचारलं तर बरेचदा उत्तर येतं, 'या की, डबल्स खेळू.' मला कायमचा पार्टनर असाच मिळाला, तोही पूर्व-पश्चिम कोर्टावर, भर दुपारी, आम्ही दोघंच वेडे तिथे असताना.