फायनान्शियल अकाउंटिंगचा ऑनलाइन कोर्स करायचाय? आधी दोनशे पानी वही आणा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडतीवर मी हिशेब लिहिते. शिक्षण बी.ए., तेही इतिहासात. अकाउंटिंग शिकले ते नोकरी लागल्यावर, रात्रीची जेवणं आटोपली की, आयआयटीच्या ऑनलाइन कोर्समधून. आता यार्डातली पोरं, नात्यातली भाचरं आणि अधूनमधून एखादे शेठसुद्धा विचारतात, "ताई, तो कोर्स कसा करायचा?" म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलं.

कोर्स निवडताना

केंद्र सरकारचं 'स्वयम' पोर्टल २०१७ पासून सुरू आहे. त्यावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे, कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत येतात. आयआयटी मुंबईचे प्रा. वरदराज बापट यांचा फायनान्शियल अकाउंटिंगचा कोर्स नवख्यांना चांगला. उदाहरणं इथलीच, कंपन्या इथल्या, वर्ष एप्रिल ते मार्च. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलचे ब्रायन बुशी यांचा कोर्सेरावरचा कोर्सही गाजलेला आहे. शिकवतात मजेशीर, पण नियम अमेरिकेचे. तिथे मालसाठ्याच्या मूल्यांकनात 'लिफो', म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायची पद्धत, चालते. आपल्या लेखा-मानकांत चालत नाही. म्हणून आधी इथला करा, मग हौसेने तो.

सत्र निवडताना स्वतःच्या कामाचा हंगाम बघा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून नवी हळद यायला लागते, त्यातच मार्चअखेर. जानेवारीच्या सत्राला बसलेला यार्डातला माणूस निम्म्यातच गळतो. आम्हाला जुलै बरा. सीएच्या ऑफिसात असाल तर मात्र जुलै ते ऑक्टोबर म्हणजे रिटर्न आणि ऑडिटची धांदल. तुम्ही उलटं करा.

कोर्सला नाव घालणं फुकट असतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी १,००० रुपये, आणि तिची शेवटची तारीख कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येते. पुष्कळ जण पहिली पायरी चढून गाफील राहतात. ती तारीख मोबाइलवर नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घरातलं कुणीतरी आठवण करतं.

कॉलेजात शिकत असाल आणि क्रेडिट हवी असतील, तर नाव घालण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात. पण तुमच्या अभ्यासक्रमात हा विषय कुठल्या पेपरच्या जागी धरायचा, हे कॉलेज ठरवतं. कोर्स संपल्यावर विचारायला गेलात तर हेलपाटे ठरलेले.

वही कशी आखायची

आता मुख्य काम. व्हिडिओ बघून हिशेब येत नाही. सर फळ्यावर नोंद लिहितात तेव्हा सगळं पटतं, आणि कोरा कागद समोर आला की हात थांबतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: एक छोटा धंदा मनाशी धरा आणि पूर्ण कोर्सभर त्याचीच वही लिहा. नवं प्रकरण आलं की त्याच धंद्याला लावा. दर आठवड्याला नवी उदाहरणं सोडवत राहिलात तर प्रत्येक तुकडा येतो, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

धंदा ओळखीचा हवा. मी भाचीला पिठाची गिरणी दिली होती. तिचा पहिला महिना इथे मांडून दाखवते. पेन घ्या आणि सोबत लिहा.

एप्रिलमध्ये मालकिणीने १,५०,००० रुपये रोख आणले. ९०,००० ची चक्की रोखीने घेतली. गाळ्याचं डिपॉझिट २०,००० दिलं, महिन्याचं भाडं ४,००० दिलं. दळणाचे २२,००० रोख आले आणि एका खानावळीचं ६,००० चं दळण उधारीवर झालं. एप्रिलचं वीजबिल ७,५०० आलं, पण ते मे महिन्यात भरायचंय.

वहीच्या पहिल्या भागात कीर्द, म्हणजे जर्नल: प्रत्येक व्यवहाराला एक नावे (डेबिट), एक जमा (क्रेडिट) आणि खाली एका ओळीत कशाबद्दल. दुसऱ्या भागात खतावणी, म्हणजे लेजर, प्रत्येक खात्याला वेगळं पान. शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी (ट्रायल बॅलन्स). नावे बाजूला रोख ५८,०००, खानावळ ६,०००, चक्की ९०,०००, डिपॉझिट २०,०००, भाडं ४,०००, वीज ७,५००. जमा बाजूला भांडवल १,५०,०००, दळणाचं उत्पन्न २८,०००, देणं असलेलं वीजबिल ७,५००. दोन्हीकडे १,८५,५००. इथे आकडा जुळला की जो आनंद होतो त्यासाठी तरी हे हाताने करा.

मग घसारा, म्हणजे वापराने यंत्राची जी किंमत उतरते ती. चक्की दहा वर्षं चालेल, शेवटी भंगाराचे काही येणार नाहीत असं धरलं, तर वर्षाला ९,००० आणि महिन्याला ७५०. आता नफा: २८,००० मधून भाडं, वीज आणि घसारा वजा जाता १५,७५०. आणि ताळेबंद: एकीकडे रोख ५८,०००, येणं ६,०००, चक्की ८९,२५०, डिपॉझिट २०,०००, दुसरीकडे भांडवल १,५०,०००, नफा १५,७५०, वीजबिलाचं देणं ७,५००. दोन्ही बाजूंना १,७३,२५०.

या एवढ्याशा गिरणीत निम्मा कोर्स आहे. वीजबिल भरलं नाही तरी खर्च एप्रिलचाच का? कारण वीज एप्रिलमध्ये जळली. डिपॉझिट खर्चात का नाही? कारण ते परत मिळणार आहे. खानावळीने दमडी दिली नाही तरी उत्पन्न का धरलं? कारण दळण दळून दिलं. व्हिडिओत यालाच अ‍ॅक्रुअल म्हणतात आणि तासभर समजावतात.

कोर्सच्या उत्तरार्धात कॅश फ्लो, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचं पत्रक, येतं, तिथे भले भले अडखळतात. तुम्ही गिरणीकडे परत या. नफा १५,७५०, पण धंद्यातून हातात आलेली रोकड २२,००० उणे ४,००० म्हणजे १८,०००. फरक कुठून आला? घसाऱ्याचे ७५० कुणाला दिलेच नाहीत, ते परत मिळवा. वीजबिलाचे ७,५०० अजून खिशात आहेत, तेही मिळवा. खानावळीचे ६,००० आलेले नाहीत, ते वजा करा. १८,००० हजर. चक्की आणि डिपॉझिटचे १,१०,००० गुंतवणुकीच्या भागात गेले, भांडवलाचे १,५०,००० वित्तपुरवठ्याच्या भागात आले, आणि शेवटी शिल्लक ५८,०००. ही मांडणी स्वतःच्या हातून एकदा झाली की परीक्षेत कंपनी कुठलीही येऊ दे.

घसाऱ्याबद्दल एक सांगून ठेवते. कोर्समध्ये दरवर्षी सारखी रक्कम आणि घटत्या शिलकेवर टक्के, अशा दोन्ही पद्धती शिकवतात. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के आणि कॉम्प्युटरला ४० टक्के, तेही घटत्या शिलकेवर, असा वेगळाच हिशेब असतो. दोन आकडे वेगळे दिसले म्हणून कुणाचं चुकलं असं समजू नका.

जिथे हमखास घोळ होतो

बँकेत पैसे भरले की पासबुकात 'क्रेडिट' येतं, आणि सर सांगतात बँक खातं डेबिट करा. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तुमचे पैसे म्हणजे बँकेवरचं देणं, म्हणून तिच्याकडे जमा. तुमच्या वहीत तेच येणं, म्हणून नावे. पहिल्या आठवड्यातच हे डोक्यात बसवा, नाहीतर बँक ताळमेळ पत्रकापर्यंत हा गोंधळ पाठ सोडत नाही.

दुसरा घोळ ताळेबंदाच्या मांडणीचा. अकरावी-बारावीला वाणिज्य केलेल्यांना डावीकडे देणी आणि उजवीकडे मालमत्ता अशी सवय असते. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ३ मध्ये सगळं एकाखाली एक येतं. अमेरिकी कोर्समध्ये रोकड सगळ्यात वर. आकडे तेच, रचना वेगळी. वहीत गिरणीचा ताळेबंद दोन्ही पद्धतींनी मांडून ठेवा.

तेरीज जुळली नाही तर लगेच सगळं खोडू नका. फरकाची रक्कम आधी बघा. तिला ९ ने भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडलेत, ५,४०० च्या जागी ४,५०० असे. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबरच असं नाही: एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा भाडं चुकून विजेच्या खात्यात गेलं, तरी ती छान जुळते.

टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, येणाऱ्यांशी माझं इथे नेहमी वाजतं. एफ५ ला पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ७ ला जर्नल हे बोटांना पाठ असतं, पण खतावणी आणि ताळेबंद यंत्र आपोआप करतं, त्यामुळे मधलं काही दिसतच नाही. कोर्स संपेपर्यंत टॅली ऑफिसातच ठेवा.

आणि आडतीवाल्यांसाठी खास. शेतकऱ्याची दोन लाखांची हळद आपल्या गाळ्यावर विकली गेली, तर ते दोन लाख आपलं उत्पन्न नव्हे. माल शेतकऱ्याचा; आपली फक्त आडत, म्हणजे कमिशन. उरलेली रक्कम पट्टी, म्हणजे विक्रीचा शेवटचा हिशेब, होईपर्यंत आपण शेतकऱ्याला द्यायचं देणं. शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर ती आपलं येणं, पट्टीत वळती होणारी. महसूल कधी आणि किती धरायचा हे प्रकरण कोर्समध्ये आलं की लोकांना रुक्ष वाटतं. मला ते सगळ्यात आवडलं, कारण यार्डात पन्नास वर्षं जे चाललंय त्याची तिथे नीट कारणं दिलेली होती.

आठवड्याची घडी

व्हिडिओ सकाळी डबा करताना नुसते ऐका, चालतं. पण दुसऱ्यांदा बघताना वही उघडी हवी, आणि सरांनी उत्तर दाखवायच्या आत व्हिडिओ थांबवून स्वतः लिहायचं. इंग्रजी बोलणं निसटत असेल तर व्याख्यानांची लिखित प्रत उतरवून घेता येते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आधी ती वाचावी. बारावीचं पुस्तपालनाचं मराठी पुस्तक शेजारी असू द्या.

दर आठवड्याची असाइनमेंट शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवू नका. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारांपैकी उत्तम आठ धरतात, त्यामुळे लग्नसराईत एखाददुसरी बुडाली तर जीव घाबरा करून घ्यायला नको. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. पास व्हायला २५ पैकी निदान १० आणि ७५ पैकी निदान ३० असे दोन्हीकडे लागतात. उत्तरं ग्रुपवर फिरतात, मला ठाऊक आहे. ती टिपून २५ पैकी २५ मिळवलेली मंडळी परीक्षेत ३० ला लटकतात.

शेवटचे दोन-तीन आठवडे गुणोत्तरं आणि वार्षिक अहवाल असतात. तेव्हा एका खऱ्या कंपनीचा अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवा. आम्ही किर्लोस्कर ब्रदर्स घेतली. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, १९१० पासूनची, त्यामुळे पंप डोळ्यांसमोर येतात. आधी फक्त स्टँडअलोन, म्हणजे त्या एकट्या कंपनीचे, आकडे घ्या, उपकंपन्या मिळवलेले कन्सॉलिडेटेड नंतर. ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीपुढे टिपेचा क्रमांक असतो. ट्रेड रिसीव्हेबल्सच्या, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या रकमांच्या, टिपेवर जा. किती येणं सहा महिन्यांच्या आतलं, किती वर्षावरचं, किती तीन वर्षांपलीकडचं, असा तक्ता तिथे मिळेल. कंपन्यांना तो आता द्यावाच लागतो. आमच्या शेठना मी तो दाखवला, तर चष्मा पुसून दोनदा वाचला आणि आपल्या उधारीचा तसाच तक्ता करायला सांगितला.

परीक्षा

परीक्षा घरून नाही. केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची, तीन तास. नोंदणी करताना शहर विचारून निवडा. सकाळचं सत्र असेल आणि गाव लांब असेल तर आदल्या रात्रीच मुक्काम करा. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र दोन्ही घ्या. प्रश्न बहुतेक पर्यायी असतात, त्यामुळे लोक पर्याय बघून अंदाज बांधतात. तसं करू नका. कच्च्या कागदावर आधी दोन बाजू आखा, उत्तर काढा, मग पर्याय बघा. चुकीचे पर्याय मुद्दाम सोप्या चुकांचेच दिलेले असतात, म्हणजे घसारा विसरलेल्याचं उत्तरही तिथे तयार असतं.

६० पासून 'एलिट', ७५ पासून रुपेरी, ९० पासून सोनेरी असं प्रमाणपत्र मिळतं. बायोडेटात ते घालाच. पण हिशेबाच्या नोकरीसाठी यार्डात जाणार असाल तर सोबत वहीही न्या. आमचे शेठ आधी तीच मागतात.