खालची अक्कलदाढ काढायला शिकताना

ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला आलेल्या नव्या मुलामुलींचं लक्ष आधी एलिव्हेटरकडे, म्हणजे दाढ उचकटायच्या हत्याराकडे, जातं. ते आधी ओपीजीकडे, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेकडे, जायला हवं. दाढ कशी निघणार, कुठे अडणार आणि किती वेळ लागणार, यातलं बरंचसं तिथेच कळतं.

पुढे झुकलेली दाढ बहुधा सोपी असते. मागे झुकलेली फसवते, कारण ओपीजीवर ती जवळपास सरळ दिसते. तिची मुळं सात नंबरच्या, म्हणजे पुढच्याच दाढेकडे कललेली असतात (अक्कलदाढ आठ नंबरची), त्यामुळे सात आणि आठच्या मधलं हाड सहा-सातच्या मधल्या हाडापेक्षा अरुंद दिसतं. ही खूण शोधाच. अशी दाढ वर उचलली की रॅमसमध्ये, म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, घुसते, म्हणून तिथे हाड आणि दाढ दोन्ही जास्त कापावी लागतात. मुळावर काळसर पट्टा दिसला, जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेच्या कालव्याची पांढरी रेघ तुटली किंवा कालवाच वळला असेल, तर नस मुळाला चिकटून असण्याची शक्यता धरा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करा आणि ओठ बधिर राहू शकतो हे पेशंटला आधीच, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगा.

तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजून केसपेपरवर लिहा. आपल्याकडे गुटखा आणि सुपारीमुळे गालाची त्वचा आतून ताठ झालेले तरुण पेशंट भरपूर येतात. दोन बोटंसुद्धा जात नसतील, तर ती केस सीनियरकडे द्या.

भूल देण्याआधी पेशंटचं वजन विचारा. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोला 7 मिलिग्रॅम. 2 टक्के द्रावणात दर मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला जास्तीत जास्त साडेसतरा मिलिलिटर. ब्लॉकला, म्हणजे नस बधिर करायच्या इंजेक्शनला, दीड ते दोन मिलिलिटर पुरतं, पण प्रत्येक वेळी आधी ॲस्पिरेट करा, म्हणजे दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. गालाच्या बाजूची लाँग बक्कल नस बधिर करायला विसरलात, तर चीर देतानाच पेशंट दचकतो.

चीर 15 नंबरच्या ब्लेडने. मागची चीर दाढांच्या ओळीत सरळ मागे नेऊ नका. जबडा तिथे बाहेर वळतो, त्यामुळे सरळ गेलेलं ब्लेड हाड सोडून आत जिभेच्या बाजूला उतरतं, आणि जिभेची नस तिथेच असते. चीर गालाकडे वळवा आणि बोटाखाली हाड आहे याची खात्री करत पुढे जा.

मग बर, म्हणजे हाड आणि दाढ कापायचं फिरतं टोक. सरळ हँडपीस, गोल किंवा फिशर बर आणि सलाइनची सतत धार. हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी इजा होते, म्हणून धार थांबली की बरही थांबवायचा. हवेवर चालणारा एअरोटर वापरू नका. त्याची हवा फ्लॅपखाली, म्हणजे उचललेल्या हिरडीखाली, शिरून चेहरा फुगतो. दाढेच्या गालाकडच्या बाजूने आणि मागे चर काढा, इतका खोल की दाढेचा सर्वांत रुंद भाग मोकळा दिसेल. या वेळी असिस्टंटने ओठाच्या कोपऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं. ओठ बधिर असतो, तापलेला हँडपीस टेकला तरी पेशंटला कळत नाही, आणि भाजल्याचा डाग राहतो.

दाढ कापताना बर पार जिभेच्या बाजूपर्यंत नेऊ नका. सुमारे दोन तृतीयांश कापा, फटीत एलिव्हेटर घालून हलकेच फिरवा, उरलेला भाग स्वतःच तुटतो. सगळ्यात जास्त चुका यानंतर होतात. दाढ हलत नाही, हात दुखू लागतो आणि जोर वाढतो. जबड्याचा कोन मोडतो, सात नंबरचं फिलिंग उडतं किंवा मूळ जिभेच्या बाजूला हाडाबाहेर निसटतं, ते याच जोरामुळे. दाढ हलत नाही म्हणजे कुठेतरी हाड राहिलंय किंवा दाढ पुरेशी कापलेली नाही. एलिव्हेटर खाली ठेवा, सक्शन करून नीट बघा, पुन्हा बर घ्या. मूळ निसटलंच, तर जिभेच्या बाजूला खालून बोटाने दाबून ठेवा आणि सीनियरला हाक मारा. आंधळेपणाने चिमटा घालू नका, मूळ आणखी खोल जातं.

फॉलिकल, म्हणजे दाढेभोवतीची पिशवी, काढा, हाडाची धार घासा, भरपूर धुवा. 3-0 सिल्कच्या धाग्याचा पहिला टाका सातच्या लगेच मागे घ्या. टाके सातव्या दिवशी काढा.

सूज दोन-तीन दिवस वाढते, हे पेशंटला सांगून ठेवलं की तो घाबरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र आधी कमी झालेलं दुखणं उलटून कानापर्यंत गेलं, तोंडाला वास आला आणि खड्डा रिकामा दिसला, तर तो ड्रायसॉकेट. खरवडू नका. कोमट सलाइनने धुऊन झिंक ऑक्साइड युजेनॉलची पट्टी ठेवा आणि दुखणं थांबेपर्यंत बदलत राहा. अँटिबायोटिक वाढवून इथे काही साधत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणी आलं, विशेषतः चाळिशीपुढचा, सगळे दात असलेला पुरुष, आणि म्हणाला की भाकरी चावताना कट्टकन आवाज आला, तर गोळ्या लिहून घरी पाठवू नका. त्याच दिवशी ओपीजी काढा. जबडा अशा वेळीही मोडतो.