परजीवीच्या एलडीएचवरची अँटीबॉडी खरंच त्यालाच धरते का, कसं तपासायचं

मलेरियाच्या परजीवीच्या एलडीएचवरची (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमवरची) अँटीबॉडी हातात आली की बरेच जण इन्फेक्टेड लाल पेशी फोडून केलेल्या द्रवाचा, म्हणजे लायसेटचा, ब्लॉट (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधणं) करतात, ३५ किलोडाल्टनच्या आसपास बँड दिसला की झालं काम असं धरून चालतात, आणि इथेच फसगत होते. लाल पेशीत माणसाचं स्वतःचं एलडीएच भरपूर असतं आणि त्याच्या सबयुनिटचं वजनही जवळपास तेवढंच, त्यामुळे बँड कुणाचा हे नुसत्या साइझवरून कळतच नाही. शेजारच्या लेनमध्ये त्याच डोनरच्या पण इन्फेक्शन नसलेल्या पेशींचं लायसेट हवंच, प्रोटीन मोजून सारखं भरलेलं. तिथेही बँड आला तर आधी त्याचा छडा लावा.

मग एलायझा, म्हणजे प्लेटच्या वेलमध्ये प्रोटीन लावून अँटीबॉडी त्याला किती धरते ते रंगावरून मोजणं. मलेरिया परजीवीच्या फाल्सिपॅरम, व्हायव्हॅक्स, जमलं तर मलेरिए, ओव्हॅले, नोलेसी या प्रजातींची रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेली) एलडीएच आणि सोबत माणसाच्या एलडीएचचे दोन प्रकार, एलडीएच-ए, एलडीएच-बी. फाल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्सचं एलडीएच सुमारे ९० टक्के सारखं असतं, म्हणून अँटीबॉडीने दोन्ही धरली तर नवल नाही, फक्त तिला फाल्सिपॅरम-स्पेसिफिक म्हणू नका. एकाच डायल्यूशनवर निकाल देऊ नका, जास्त कॉन्सन्ट्रेशनला कुठलीही अँटीबॉडी कशालाही चिकटते, सिरीयल डायल्यूशन करून कर्व्ह वेगळे पडतात का ते बघा. आणि प्रोटीनला हिस-टॅग (ते शुद्ध करायला जोडलेला छोटा तुकडा) असेल तर त्याच टॅगचं दुसरंच एखादं प्रोटीन ठेवा, अँटीबॉडी पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) असेल तर नक्कीच, नाहीतर आपण टॅगचीच अँटीबॉडी मोजत बसतो.

मला सगळ्यात जास्त भरवसा कॅप्चरचा. प्लेटवर अँटीबॉडी कोट करा, ब्लॉक करा, लायसेट घाला, नीट धुवा, आणि दुसऱ्या अँटीबॉडीऐवजी लॅक्टेट, एपीएडी (एन्झाइमला लागणाऱ्या एनएडीचं बदललेलं रूप) आणि रंग उमटवणारी डायाफोरेज आणि एनबीटी घाला. परजीवीचं एन्झाइम एनएडीच्या जागी एपीएडी झपाट्याने वापरतं, माणसाचं फारच हळू, त्यामुळे वेलमध्ये निळा-जांभळा रंग भरभर चढला की अँटीबॉडीने परजीवीचं चालू एन्झाइम पकडलंय. लायसेट उकळायचं नाही, एसडीएस (प्रोटीनची घडी मोडणारं कडक डिटर्जंट) नाही, सौम्य डिटर्जंटच. रंग नाही आला तर लगेच अँटीबॉडी टाकून देऊ नका, कदाचित तिने अ‍ॅक्टिव्ह साइटच झाकली असेल, म्हणून साधी सँडविच एलायझा (पकडलेलं प्रोटीन दुसऱ्या अँटीबॉडीने शोधणारी) बाजूला लावा. आणि प्रत्येक वेळी आयसोटाइप कंट्रोलच्या (त्याच प्रकारच्या पण एलडीएच न धरणाऱ्या अँटीबॉडीच्या) वेल हव्यात, रुग्णाचं सँपल असेल तर जास्तच, कारण रक्तात रुमेटॉइड फॅक्टर (दुसऱ्या अँटीबॉडींनाच चिकटणारी अँटीबॉडी) असला तर तो एकटाच दोन अँटीबॉडी जोडून खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतो.